भाजीपाल्यातले तण: आच्छादन कुठे चालते, कुठे कमी पडते

कांद्याचे पान नळीसारखे, सरळ वर जाणारे. पीक कितीही जोमदार आले तरी ते वाफ्यावर सावली धरत नाही. मुळेही उथळ, वरच्या वीतभर मातीतच. त्यामुळे लागवडीपासून काढणीपर्यंत मातीवर ऊन पडत राहते आणि तणाला मोकळे रान मिळते. लाल भोपळ्याचे उलटे आहे. त्याची वेल एकदा पसरली की पानांखाली नवे तण उभेच राहत नाही. गाजराची तऱ्हा आणखी निराळी. ते उगवायलाच दीड-दोन आठवडे घेते, आणि तोवर तणाने अख्खा वाफा हिरवा केलेला असतो.

तीन पिके, तीन वेगळ्या अडचणी. म्हणून सगळ्या भाज्यांना एकच उपाय लावून तणाचा बंदोबस्त होत नाही. आच्छादन, म्हणजेच मल्चिंग, खरोखर गुणाचे आहे. पण ते कोणत्या तणावर चालते, कोणत्या पिकात बसते आणि कुठे त्याचा काहीच उपयोग नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. माझ्या मते पहिला प्रश्न 'काय अंथरू' हा नाही. आपल्या वाफ्यात येणारे तण बियांपासून येते की जमिनीत दडलेल्या गड्ड्यांपासून आणि काशांपासून, म्हणजे मातीखाली पसरणाऱ्या खोडांपासून, हा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले की निम्मे निर्णय आपोआप होतात.

सुरुवातीचे काही आठवडे

तण पिकाच्या उन्हात, पाण्यात, खतात आणि जागेत वाटेकरी होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लक्षात येते ते असे की ही वाटणी संपूर्ण हंगामभर सारखी नुकसान करत नाही. प्रत्येक पिकाचा एक नाजूक काळ असतो. त्या काळात रान स्वच्छ राहिले तर नंतर उगवलेल्या तणाने उत्पादनात फारसा फरक पडत नाही. त्या काळात हयगय झाली, तर नंतर कितीही खुरपले तरी गेलेले उत्पादन भरून येत नाही.

रोपे लावून घेतलेल्या टोमॅटो, वांगी, कोबी अशा पिकांत हा काळ लावणीनंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांचा असतो. मिरची सावकाश वाढते, तिला ८ आठवड्यांपर्यंत जपावे लागते. कांद्यालाही जवळपास तेवढेच, कारण तो सावली धरत नाही. थेट बी पेरलेल्या पिकात हा काळ रोपे लावलेल्या पिकापेक्षा लांबतो. रोपाला तणावर तीन-चार आठवड्यांची आघाडी मिळालेली असते. बियाणे आणि तण मात्र एकाच दिवशी शर्यतीला उभे राहतात, आणि तण बहुधा जास्त चपळ असते.

नाजूक काळ संपल्यावर राहिलेल्या तणाकडे दुर्लक्ष करावे का? या हंगामाच्या उत्पादनापुरते पाहिले तर चालेल. पण त्याला फूल येऊन बी पडू दिले, तर पुढची कित्येक वर्षे त्याचे निस्तरत बसावे लागते. शिवाय कामोणी, धोतरा यांसारखी तणे टोमॅटो-वांग्याच्याच कुळातली. पिकावर येणारे रोग आणि किडी त्यांच्यावर आसरा घेतात. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही अनेक तणांच्या मुळांवर तग धरतात आणि पुढचे पीक येण्याची वाट पाहतात.

मातीतली शिल्लक

घोळाचे एक चांगले वाढलेले झाड २ लाखांहून अधिक बिया टाकू शकते. गाजरगवताचे एक झाड १५ ते २५ हजार. या सगळ्या बिया पुढच्या पाण्याला उगवत नाहीत. काही उगवतात, बाकीच्या मातीत झोपून राहतात. किती काळ? अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये २० बाटल्यांत २१ प्रकारच्या रोपांच्या बिया ओल्या वाळूत भरून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि त्यातले काय उगवते ते पाहायचे, असा हा प्रयोग. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतून, म्हणजे जवळपास १४२ वर्षांनंतर, व्हर्बॅस्कम नावाच्या तणाची २० रोपे उगवून आली.

यावरून हताश व्हायचे कारण नाही. बहुतेक तणांच्या बिया पहिल्या काही वर्षांतच कुजून, उगवून किंवा किडा-मुंग्यांच्या तोंडी पडून संपतात. नवे बी पडू दिले नाही तर साठा दरवर्षी घटत जातो. खरे नियंत्रण म्हणतात ते हेच.

या साठ्याबद्दल आणखी एक गोष्ट कळली की आच्छादनाचे अर्धे गणित सुटते. घोळ, माठ यांसारख्या तणांचे बी मोहरीपेक्षाही बारीक असते. त्यात साठवलेले अन्न इतके थोडे असते की ते वरच्या एक-दोन सेंटिमीटरमधूनच बाहेर येऊ शकते. अशा अनेक बिया उजेडाचा स्पर्श झाल्याशिवाय जाग्याच होत नाहीत. मशागत करताना माती खालीवर होते, क्षणभर उजेड लागतो आणि बी जागे होते. म्हणजे जितक्या वेळा आपण खोलवर माती हलवतो तितक्या वेळा खालचा साठा वर आणून त्याला उगवायचे आमंत्रण देतो.

पेरण्याआधीच उगवू द्या

साठा वापरूनच साठा कमी करायची एक जुनी युक्ती आहे, आणि तिला म्हणावा तसा मान मिळत नाही. वाफा पेरणीसाठी पूर्ण तयार करायचा, पण पेरायचे नाही. हलके पाणी द्यायचे आणि १० ते १४ दिवस थांबायचे. वरच्या थरातले तण उगवून आले की ते अगदी वरवर, एक-दोन सेंटिमीटरपेक्षा खोल न जाता, कोळप्याने किंवा खुरप्याने काढायचे. वेळ असेल तर हे आणखी एकदा करायचे आणि मग पेरायचे.

यात चूक होते ती एकच. तण उगवल्यावर पुन्हा नांगर किंवा रोटाव्हेटर घातला जातो. त्याने उगवलेले तण मरते, पण खालून नव्या बिया वर येतात आणि केलेले सगळे वाया जाते. गाजर, कोथिंबीर, पालक अशा दाट पेरायच्या भाज्यांत मल्चिंग पेपर अंथरता येत नाही. त्यांच्यासाठी हा उपाय मला आच्छादनाहून मोलाचा वाटतो.

प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर

अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या एमरी एमर्ट यांनी १९५० च्या दशकात भाजीपाल्यात प्लॅस्टिकच्या आच्छादनाचे प्रयोग केले. तेव्हापासून हे तंत्र जगभर पसरले. तणाच्या बाबतीत काम साधे आहे. उजेड अडवायचा. उजेड नाही तर बारीक बी बहुधा जागे होत नाही, आणि जागे झाले तरी वाढायला ताकद उरत नाही. सोबत बाष्पीभवन घटते, खत धुपून जात नाही आणि फळ मातीला टेकत नाही, हे आणखी फायदे.

रंगाची निवड मात्र डोळे झाकून करू नये. काळा पेपर तण उत्तम दाबतो, पण कडक उन्हात तापतो आणि कोवळ्या रोपाचे खोड त्याला टेकले तर भाजते. वरून चंदेरी आणि खालून काळा असा पेपर ऊन परतवतो. त्या चकाकीमुळे मावा, फुलकिडे आणि पांढरी माशी रोपावर उतरायला बिचकतात, म्हणून विषाणूजन्य रोगांचा शिरकाव लांबतो. पिकाने पेपर झाकून टाकला की हा फायदा संपतो, पण कोवळ्या वयात तो मोठा असतो. वरून पांढरा आणि खालून काळा पेपर माती त्यातल्या त्यात थंड ठेवतो. पारदर्शक पेपर माती सर्वांत जास्त तापवतो, पण त्यातून उजेड आत जातो आणि खाली तण मजेत वाढते. तणासाठी म्हणून पारदर्शक पेपर अंथरणे चुकीचे. त्याचा खरा उपयोग निराळा आहे, तो पुढे सांगतो.

तीन-चार महिन्यांच्या भाजीला २५ ते ३० मायक्रॉन जाडी सहसा पुरते. गादीवाफा सपाट, ढेकळे फोडलेला आणि मधोमध किंचित उंच हवा. ठिबकची नळी आधी, पेपर नंतर. पेपर ताणून, मातीला चिकटून बसला पाहिजे. खाली पोकळी राहिली तर वारा तो फडफडवतो, शिवाय त्या पोकळीतली तापलेली हवा रोपाच्या भोकातून बाहेर पडताना खोड होरपळवते. भोक गरजेपुरतेच पाडावे आणि लावणीनंतर त्याच्या कडेला थोडी माती लावावी. कडा दोन्ही बाजूंनी मातीत नीट गाडाव्यात.

आता तण उगवते ते दोनच जागी, भोकात आणि दोन वाफ्यांमधल्या सरीत. भोकातले हाताने उपटावे लागते, आणि ते रोप लहान असतानाच. मोठे झाल्यावर उपटले तर पिकाची मुळेही हलतात. सरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वाफा स्वच्छ दिसतो म्हणून समाधान वाटते आणि सरीतले तण फुलोऱ्यावर येते. सरीत पेंढा किंवा पाचट पसरले तर हा प्रश्न बराच सुटतो. ठिबकमुळे सरी कोरडी राहते, हाही तणनियंत्रणाचाच भाग आहे. पाणी मिळाले नाही तर बी उगवणार कशाने?

पेपरखालची ओल दिसत नाही, म्हणून सवयीने पाणी जास्त दिले जाते. कडेची माती उकरून मुठीत दाबून पाहावी, मग ठिबक किती वेळ चालवायचे ते ठरवावे.

हंगाम संपल्यावर पेपर काढणे हे अंथरण्याहून कष्टाचे काम आहे. फार पातळ पेपर फाटतो, त्याचे तुकडे मातीत राहतात, मुळांना आणि पाण्याला अडथळा करतात आणि कालांतराने त्यांचे बारीक कण होतात. ते कण पुन्हा मातीतून वेचणे कुणालाच शक्य नाही. म्हणून किंचित जाड पेपर घेऊन तो अखंड काढणे मला जास्त जबाबदारीचे वाटते. मातीतले जीवाणू खरोखर पचवू शकतील असे जैवविघटनशील पेपरही मिळतात, पण ते आणि नुसते उन्हाने तुकडे होणारे प्लॅस्टिक यांत फरक आहे. तुकडे होणे म्हणजे कुजणे नव्हे.

लव्हाळा: पेपरला भोक पाडणारे तण

लव्हाळ्याचा कोंब जमिनीतून सुईसारखा टोकदार निघतो. काळ्या पेपरखाली अंधार असल्याने तो पाने न उलगडता तसाच वर सरकतो आणि पेपर टोचून बाहेर येतो. अंथरून चार-सहा दिवस झाल्यावर वाकून पाहा. ताणलेल्या काळ्या पृष्ठभागावर हिरवी टोके ओळीने बाहेर आलेली दिसतात, आणि प्रत्येकाभोवती पेपर बारीक फाटलेला. गंमत म्हणजे पारदर्शक पेपरखाली तोच कोंब उजेड लागताच पाने उलगडतो, टोकदारपणा जातो आणि तो पेपरखालीच अडकून पडतो.

म्हणजे लव्हाळ्याने भरलेल्या रानात काळ्या मल्चिंग पेपरवर विसंबणे व्यर्थ आहे. जाड विणलेली वीड मॅट, म्हणजे तण दाबायचे कापड, बरी तग धरते. खऱ्या कागदाचे आच्छादनही लव्हाळ्याला सहसा टोचता येत नाही, पण मातीत गाडलेल्या कडा लवकर कुजतात आणि वारा कागद उचलतो.

लव्हाळ्याचे खरे बळ जमिनीखालच्या गड्ड्यांच्या माळेत आहे. माळ अखंड असते तेव्हा बरेच गड्डे सुप्त राहतात. कुळवाने ती तुटली की सुटलेला प्रत्येक गड्डा स्वतंत्रपणे फुटू शकतो. उगवल्यापासून साधारण तीनेक आठवड्यांत नवे गड्डे धरायला लागतात, म्हणून एकदा काढून महिनाभर विसरलो तर आधीपेक्षा जास्त लव्हाळा होतो. दर दोन-तीन आठवड्यांनी न चुकता काढत राहिले तर मात्र गड्ड्यातला साठा आटत जातो. कडक उन्हाच्या दिवसांत कोरडे रान नांगरून गड्डे वर आणले आणि उन्हात वाळू दिले तर पुष्कळ मरतात. ओलीत नांगरट केली तर तीच नांगरट लव्हाळ्याची लागवड ठरते. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, त्यामुळे चवळी किंवा रताळ्यासारखे दाट झाकणारे पीक फेरपालटात घेतले की तो खंगतो.

हरळीचेही असेच. तिच्या काशा खोलवर आणि लांबवर जातात, आणि तुकडा राहिला की तो पुन्हा फुटतो. लागवडीपूर्वी काशा वेचून रानाबाहेर नेण्याला पर्याय नाही. पेंढ्याचे आच्छादन तर हरळीला मानवतेच. ती त्याखालून सरपटत जाते.

पेंढा, पाचट आणि पालापाचोळा

सेंद्रिय आच्छादन बियांपासून येणाऱ्या तणावर चांगले काम करते, अट एकच, थर पुरेसा हवा. पातळ पसरलेला पेंढा तणाला रोखत नाही, उलट ओल धरून त्याला मदतच करतो. ८ ते १० सेंटिमीटरचा थर हवा, आणि तो दबून खाली बसतो हे धरून मध्येच भर घालावी लागते. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, उसाचे पाचट, वाळलेला पाला, जे सहज मिळेल ते चालते. वाळलेले गवत मात्र बी धरण्याआधी कापलेले असावे, नाहीतर आपणच तणाची पेरणी केली असे होते. काडात राहिलेले धान्यही उगवते, पण ते उपटायला सोपे असते.

पसरायची वेळ महत्त्वाची. आधी असलेले तण काढायचे, पाणी द्यायचे, रोप चांगले धरले की मग आच्छादन घालायचे. वर आलेल्या तणावर पेंढा टाकला तर ते त्यातून मान काढते. खोडापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर खोडाशी सतत ओल राहून कूज लागते. थंडीच्या दिवसांत पेंढ्याखालची माती उशिरा तापते, म्हणून उष्णता आवडणाऱ्या भाज्यांना घाईने आच्छादन घालू नये. उन्हाळ्यात हाच दोष गुण ठरतो. गोगलगायी, उंदीर, वाळवी यांचा उपद्रव असेल तर थर अधूनमधून उचलून पाहावा.

पेंढा घातल्यावर पीक पिवळे पडते अशी तक्रार ऐकू येते. ती कधी खरी असते, कधी नसते. गव्हाच्या काडात नत्राच्या तुलनेत कर्बाचे प्रमाण सुमारे ८० पट असते. असे काड कुजवताना जीवाणूंना नत्र कमी पडते आणि ते मातीतले नत्र वापरून घेतात. पण हे प्रामुख्याने काड मातीत मिसळल्यावर घडते. नुसते पृष्ठभागावर अंथरले तर परिणाम वरच्या पातळ थरापुरताच राहतो. म्हणून भुसा किंवा काड ताजे असताना वाफ्यात मिसळू नये. वर राहू द्यावे, पुढच्या हंगामापर्यंत कुजले की मग मातीत घालावे.

एका धोक्याबद्दल फारसे बोलले जात नाही. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही तणनाशके गवतावर किंवा धान्यपिकावर फवारली तर त्या काडात, ते खाणाऱ्या जनावरांच्या शेणात आणि त्यापासून केलेल्या कंपोस्टमध्येही टिकून राहतात. असे खत किंवा आच्छादन घातले की टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांची कोवळी पाने वाटीसारखी वळतात. बाहेरून आणलेल्या काडाचा किंवा खताचा भरवसा नसेल तर थोडेसे मातीत मिसळून कुंडीत घेवड्याचे बी लावावे आणि दोन-तीन आठवडे पाने पाहावीत. पाने सरळ आली तरच ते वाफ्यात न्यावे.

शेणखताबाबतही तेच पथ्य. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तणाचे बी थेट वाफ्यात येते. ढीग आतून ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, आणि बाहेरची बाजू आत जाईल असा काही वेळा उलटला, तर त्यातले बहुतेक बी मरते.

उन्हाने तापवणे

पारदर्शक पेपरचा खरा उपयोग इथे. इस्रायलमध्ये याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या पद्धतीवरचे आपले काम प्रसिद्ध केले. वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात वाफा सपाट करायचा, चांगले पाणी द्यायचे, पातळ पारदर्शक प्लॅस्टिक मातीला चिकटवून अंथरायचे, कडा हवाबंद गाडायच्या आणि ४ ते ६ आठवडे तसेच ठेवायचे. ओली माती उष्णता खाली नेते. कोरड्या मातीत हा उपाय फसतो. वरच्या थराचे तापमान ४५ ते ५५ अंशांपर्यंत चढते आणि बहुतेक वर्षायू तणांचे बी, तसेच काही रोगकारक बुरशी मरतात. लव्हाळ्याचे गड्डे, हरळीच्या खोल काशा आणि कठीण कवचाच्या काही शेंगवर्गीय बिया मात्र यातून वाचतात. नंतर खोल मशागत करायची नाही, याचे कारण आता वेगळे सांगायला नको.

ऊन तितके कडक नसेल तर जाड काळी ताडपत्री ओल्या वाफ्यावर ४ ते ६ आठवडे अंथरावी. ऊबेने आणि ओलीने बरेच बी उगवते आणि अंधारात उपाशी मरते. छोट्या बागेसाठी हे सोपे आहे, कारण तीच ताडपत्री वर्षानुवर्षे वापरता येते.

खुरपे, कोळपे आणि वेळ

तण हाताने काढण्यात सर्वांत जास्त कष्ट उशिरा केल्याने वाया जातात. पाणी दिल्यानंतर पाच-सहा दिवसांनी वाफ्यातली वरची माती नखाने हलकेच खरवडून पाहा. वर काहीच हिरवे नसते, पण मातीत पांढरे दोरे दिसतात, केसाइतके बारीक. ते उगवू घातलेले तण. या वेळी नुसता दाताळ्याचा हलका हात फिरवला तरी ते उन्हात वाळून जाते. आठवड्याने त्यालाच खुरपे लागते, आणि महिन्याने दोन्ही हातांनी ओढावे लागते.

वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, सकाळी, दिवसभर ऊन पडणार असेल तेव्हा कोळपणी करावी. पाऊस येण्याच्या बेतात असेल तर उपटलेले तण पुन्हा मुळे धरते. घोळ आणि केना यांचे तुकडेसुद्धा ओल्या मातीवर पडले की मुळे सोडतात, म्हणून ही दोन तणे वेचून बाहेरच न्यावीत. कोळप्याचे पाते दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नये. पिकाची मुळेही वाचतात आणि खालचे बीही झोपलेले राहते. हात-कोळपे किंवा सायकल कोळपे वापरायचे तर ओळी सरळ आणि सारख्या अंतरावर हव्यात. हा निर्णय पेरणीच्या दिवशीच घ्यायचा असतो.

गाजरासाठी आचेचा उपाय आहे. बी पेरल्यावर आणि ते उगवण्याआधी जे तण वर आलेले असते त्यावरून गॅसच्या बर्नरची ज्योत झर्रकन फिरवायची. जाळायचे नाही, फक्त पानातले पाणी तापून पेशी फुटल्या पाहिजेत. पान चिमटीत दाबल्यावर अंगठ्याचा गडद ठसा उमटला की झाले. गाजर नेमके कधी उगवणार हे कळायला वाफ्याच्या एका कोपऱ्यावर काचेचा तुकडा ठेवतात. त्याखालचे बी ऊबेने एक-दोन दिवस आधी उगवते, आणि ते दिसले की बाकी वाफ्यावर ज्योत फिरवायची. गवतवर्गीय तणांचा वाढीचा कोंब मातीच्या पातळीखाली असतो, त्यामुळे ती पुन्हा फुटतात. वाळलेले काड जवळ असेल तर हा उपाय अजिबात करू नये.

झाकणारी पिके

ताग, धैंचा किंवा ज्वारीवर्गीय चारा दाट पेरून फुलोऱ्यात आडवा पाडायचा आणि त्याच्याच थरात भाजीचे रोप लावायचे, ही पद्धत जिथे जमते तिथे जमिनीचेही भले करते. मात्र ज्वारीच्या मुळांतून सोर्गोलिओन नावाचे द्रव्य बाहेर पडते. ते बारीक बियांची उगवण रोखते आणि तणाचे बी कोणते, भाजीचे कोणते हे ते पाहत नाही. त्यामुळे अशा रानात बी न पेरता वाढलेली रोपे लावावीत.

तणनाशके

भाजीपाल्यात तणनाशकाला वाव कमी आहे, आणि हे मला योग्यच वाटते. पिके नाजूक, हंगाम छोटा, शेजारी निराळी भाजी. तरी कुठले काय करते हे माहीत असावे. पेंडीमेथॅलिनसारखे उगवणीपूर्व तणनाशक उगवत्या बियांच्या पेशींचे विभाजन थांबवते. त्यासाठी पृष्ठभाग ओलसर हवा, आणि आधी उगवलेल्या तणावर त्याचा उपयोग नाही. क्विझालोफॉपसारखी औषधे फक्त गवतवर्गीय तण मारतात. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो गवत नाही, म्हणून त्याच्यावर ती चालत नाहीत. ग्लायफोसेट निवडक नाही. त्याचा तुषार भाजीवर उडाला की भाजीही जाते.

कोणते औषध कोणत्या पिकाला, किती आणि काढणीच्या किती दिवस आधी, हे लेबलवर असते. त्याच्याबाहेर जाऊ नये. एकच औषध वर्षानुवर्षे वापरले तर त्याला न जुमानणारे तण उरते आणि तेच पसरते. शिवाय फवारणीचा पंप वेगळा ठेवावा. २,४-डी हे तणनाशक वापरलेल्या पंपात थोडा अंश उरला तरी टोमॅटोची पाने अरुंद होऊन पिळवटतात. लोक त्याला विषाणू समजून भलतीच औषधे मारत राहतात.

बंबाखू: यावर आच्छादन चालत नाही

टोमॅटो आणि वांग्याच्या बुडाशी फिकट, हिरवी पाने नसलेले कोंब वर आले तर ते बंबाखू. हे परोपजीवी तण पिकाच्या मुळावरच जगते. त्याचे बी उजेडाने नव्हे, तर यजमान पिकाच्या मुळांतून येणाऱ्या रासायनिक खुणेने जागे होते. म्हणून उजेड अडवणारे आच्छादन इथे निरुपयोगी. कोंब दिसेपर्यंत त्याने पिकाचा रस बराच ओढलेला असतो, पण तरी फुलण्याआधी तो उपटून रानाबाहेर नेऊन नष्ट करावा. धुळीसारखे बारीक बी एका झाडाला लाखाच्या वर पडते आणि दहा वर्षांहून जास्त टिकते. अशा रानात टोमॅटो-वांगी कुळाला दीर्घ विश्रांती द्यावी. अवजारांना आणि पायांना चिकटलेली माती दुसऱ्या रानात जाऊ नये म्हणून धुऊन काढावी.

पिकानुसार जुळणी

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, कलिंगड: अंतरावरची, लांब मुदतीची पिके. यांना चंदेरी-काळा पेपर आणि ठिबक, सरीत पेंढा, भोकातले तण हाताने. लव्हाळा असेल तर आधी एक हंगाम त्याच्यासाठी द्यावा, मगच पेपर.

कांदा-लसूण: लावणीपूर्वी तण उगवू देऊन मारणे, मग ओळीत लावणी, आठ आठवड्यांपर्यंत वरवर कोळपणी. ओळींमध्ये बारीक काड घालता येते, पण गड्डा पोसायला लागला की तो उघडा राहू द्यावा.

गाजर, पालक, कोथिंबीर: दोनदा उगवू देऊन मारलेला स्वच्छ वाफा हाच त्यांचा आधार. मागच्या हंगामात जिथे पेपरखाली स्वच्छ पीक निघाले, तो वाफा यांच्यासाठी राखावा. तिथल्या वरच्या थरात नवे बी पडलेले नसते.

कोबी आणि फ्लॉवरचे तसे सोपे. पहिले महिनाभर रान स्वच्छ ठेवले की पाने एकमेकांना भिडून माती झाकतात आणि पुढचे काम पीक स्वतः करते.

शेवटच्या तोडणीनंतर मात्र बहुतेक रानांत एकच गोष्ट घडते. पीक संपले म्हणून पाणी बंद, लक्षही बंद, आणि पिकात दडलेले माठ-घोळ-गाजरगवत पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बी पाडून मोकळे होते. तोडणी संपल्यावर चार दिवसांच्या आत रान कापून किंवा वखरून घ्यावे. ज्याला आधीच बी धरले आहे असे तण वखराखाली न घालता उपटून बाहेर काढावे. बांधावरचे आणि पाण्याच्या पाटाच्या कडेचेही याच फेरीत घ्यावे, कारण पाटातून वाहत आलेले बी पहिल्याच पाण्याला नव्या वाफ्यात पोहोचते.